खांद्याच्या ऑपरेशननंतरची वेदना: 'दुखतंय' हे उत्तर संशोधनात कसं वाचायचं?



पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी आपल्याकडे शीर्षक साधारण असं तयार होतं: 'खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना होणाऱ्या वेदनेचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ जळगाव व धुळे जिल्हा'. ऐकायला भारदस्त आहे. पण यात प्रश्न कुठे आहे? ऑपरेशन झालं की दुखतं, हे सिद्ध करायला तीन-चार वर्षं कशाला घालवायची?

म्हणून आज आपण हाच विषय घेऊन तो सोलून बघू. फिजिओथेरपी, मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग यांपैकी कुठल्याही शाखेत तुम्ही असाल तरी पद्धत तीच लागते. आणि या विषयात एक मुद्दा असा आहे की तो नीट कळला तर प्रश्न आपोआप धारदार होतो. रुग्णाला किती दुखतंय, हे महत्त्वाचं आहेच. पण त्या दुखण्याचा तो काय अर्थ लावतो, यावर तो हात हलवणार की नाही हे ठरतं. आणि हात किती परत मिळणार, ते बऱ्याच अंशी त्या हलवण्यावर ठरतं.

(एक सूचना: हा लेख संशोधन समजावण्यासाठी आहे. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर औषध आणि व्यायाम सर्जन व फिजिओथेरपिस्ट सांगतील तसेच करा.)

आधी शरीर समजून घ्या

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. कमरेजवळच्या सांध्यात गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र ती वाटी बशीसारखी उथळ. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, पण गोळा जागेवर धरून ठेवायचं काम हाडांऐवजी स्नायूंवर येतं. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंचे पट्टे गोळ्याला वेढून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वयामुळे, पडल्यामुळे किंवा वर्षानुवर्षांच्या ओझ्याने हे पट्टे झिजतात, फाटतात. काही वेळा ते परत हाडाला टाके घालून बसवावे लागतात.

खांद्याची ऑपरेशनं अनेक प्रकारची असतात. वारंवार निखळणारा खांदा, मोडलेलं हाड, फाटलेला कफ, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आणि बरं होण्याचा वेगही वेगळा. इथेच पहिला धडा: 'खांद्याची शस्त्रक्रिया' हा एक गट नाही. सगळे एकाच टोपलीत टाकले तर तुमची सरासरी कुणालाच लागू पडणार नाही. आपण या लेखात कफच्या दुरुस्तीवर थांबू.

त्याचा साधारण प्रवास असा असतो. अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या वेळी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम साधारण 8 ते 24 तास टिकतो. तोपर्यंत रुग्ण खुशीत असतो: 'अरे, काहीच दुखत नाही!' मग परिणाम उतरतो आणि वेदना एकदम उसळते, बहुतेक वेळा रात्री. तिला रिबाउंड पेन म्हणतात. पुढचे चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे झोळीत. या काळात बहुतेक हालचाल दुसऱ्याने करून द्यायची किंवा हात नुसता लोंबता ठेवून झुलवायची. साधारण सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात. बारा आठवड्यांच्या आसपास ताकदीचे व्यायाम. पूर्ण भरवसा यायला सहा महिने ते वर्ष. कफ किती फाटला होता आणि सर्जनची पद्धत काय, यावर हे मागेपुढे होतं.

यातली कोंडी लक्षात आली का? हात अजिबात हलवला नाही तर सांधा आखडतो. लवकर आणि जोरात हलवला तर शिवलेला पट्टा परत सुटू शकतो. म्हणजे 'सोसा आणि करा' हाही सल्ला सरसकट चालत नाही आणि 'दुखतंय ना, मग राहू द्या' हाही नाही. रुग्णाला रोज ठरवावं लागतं की आजचं दुखणं कोणतं: हात हलल्याचं, की काही बिघडल्याचं? हे ठरवायला त्याच्याकडे काय असतं? डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटांत सांगितलेल्या सूचना, शेजाऱ्याचा अनुभव आणि स्वतःची भीती.

वेदना आणि इजा: दोन वेगळ्या गोष्टी

आपण समजतो की जितकी इजा तितकी वेदना. विजेच्या मीटरसारखं. संशोधनाने हे चित्र बरंच बदललंय.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर होते. त्यांनी 215 गंभीर जखमी सैनिकांची पाहणी करून 1946 मध्ये निबंध लिहिला. पुढच्या फळीच्या रुग्णालयात आणल्यावर थोड्याच वेळात विचारलं, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश सैनिकांनीच वेदनेसाठी काहीतरी द्या, असं सांगितलं. काहींना आधी मॉर्फिन दिलेलं होतं, हे खरं. पण त्याला काही तास उलटून गेले होते. बीचर यांनी लावलेला अर्थ असा: सैनिकासाठी ती जखम म्हणजे आघाडीवरून सुटका होती. तशीच जखम घरी अपघातात झाली असती तर ती संकटाची सुरुवात ठरली असती. जखम सारखी, अर्थ वेगळा.

1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. इजेचा संदेश मेंदूकडे जाताना ते कमी-जास्त उघडतं. स्पर्श, चोळणं यांनी ते काहीसं मिटतं (कोपर आपटल्यावर आपण चोळतो ते उगाच नाही). वरून, मेंदूकडूनही त्यावर हुकूम येतात: भीती, लक्ष, आठवण, अपेक्षा. त्या सिद्धांताचे बारकावे पुढे बदलले, पण वेदना ही एकेरी वाट नाही, हा मुद्दा टिकला.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली. तिचा आशय असा: वेदना म्हणजे शरीराला झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित, किंवा तशा इजेसारखा वाटणारा, संवेदनेचा आणि भावनेचा नकोसा अनुभव. सोबतच्या टिपणांत स्पष्ट म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर ते मानायचं.

हे नीट वाचा. 'वेदना मनाची आहे' असं कुणीही म्हणत नाहीये. रुग्णाची वेदना शंभर टक्के खरी आहे. फक्त ती इजेची मोजपट्टी नाही. चौथ्या आठवड्यात व्यायामाच्या वेळी कळ आली म्हणजे आत टाका तुटलाच असं नाही. आणि काही दुखत नाही म्हणजे पट्टा पक्का बसला असंही नाही. दुसरी चूक तर जास्त धोक्याची: दुखणं थांबलं म्हणून पाचव्या आठवड्यात बादली उचलणारा माणूस.

तोंड देण्याच्या तऱ्हा: आपल्या शब्दांत

इंग्रजी निबंधांत 'कोपिंग' हा शब्द सतत भेटेल. त्याला मराठीत एकच शब्द शोधत बसू नका. आपल्याकडे त्यासाठी पूर्ण कपाट भरलेलं आहे, आणि प्रत्येक शब्द वेगळी वागणूक सांगतो.

*अंगावर काढणं.* दुखतंय, पण कुणाला सांगायचं नाही, गोळी घ्यायची नाही, डॉक्टरकडे जायचं नाही. खान्देशात याला मोठेपणाही मिळतो: 'आमच्या बाबांनी कधी गोळी घेतली नाही.' ऑपरेशननंतर मात्र याचा तोटा होतो. वेदना टिपेला पोचल्यावर आवरायला जड जाते. त्यामुळे डॉक्टरांनी वेळेवर घ्यायला सांगितलेली गोळी वेळेवर घेणं आणि व्यायामाच्या आधी तिची वेळ जुळवणं, हा दुबळेपणा नाही. तो उपचाराचाच भाग आहे.

*बाऊ करणं.* दुखण्याचा विचार डोक्यातून जात नाही, ते आहे त्याहून मोठं वाटतं, आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं. 1995 मध्ये मायकेल सलिवन आणि सहकाऱ्यांनी याच तीन पदरांवर 13 विधानांची पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल तयार केली. प्रत्येक विधानाला 0 ते 4 गुण, एकूण 52. वेगवेगळ्या ऑपरेशनांवरच्या अनेक अभ्यासांत, आधी हे गुण जास्त असलेल्यांना नंतर वेदना जास्त, असा संबंध दिसलाय.

*धसका घेणं.* हालचालीचीच भीती बसते. दुखेल म्हणून हात हलवायचा नाही. हलवला नाही म्हणून तो आखडतो. आखडल्यामुळे पुढच्या वेळी जास्त दुखतं. मग भीती पक्की होते. हे चक्र व्हलायन आणि लिंटन यांनी 2000 मध्ये भीती-टाळाटाळ प्रतिमान म्हणून नीट मांडलं. हालचालीची भीती मोजायला 17 विधानांची टॅम्पा स्केल वापरतात.

*सवयीने वाढवत नेणं.* आज दहा वेळा, परवा बारा वेळा. दुखणं व्यायामानंतर थोड्या वेळात खाली आलं तर पुढे, रात्रभर ठणकलं तर एक पायरी मागे. बर्फाचा शेक, अर्धवट बसून झोपणं, कोपराखाली उशी, संथ श्वास, गप्पांत किंवा गाण्यात मन रमवणं. यातली एकही गोष्ट जादू नाही. पण दुखण्याच्या वेळी आपल्या हातात काहीतरी आहे, ही जाणीव त्यातून येते.

आता मजा बघा. सलिवन यांची प्रश्नावली तुम्ही मराठीत आणताय आणि विधानात 'मी वेदनेचा बाऊ करतो' असं लिहिलंत. कोण हो म्हणेल? 'बाऊ' या शब्दातच आरोप आहे. रुग्ण गुण कमी देईल आणि तुम्ही लिहाल की खान्देशातले रुग्ण फार कणखर! मूळ विधानं नुसतं मनात काय येतं ते विचारतात, दोष देत नाहीत. म्हणूनच दोघांनी स्वतंत्र भाषांतर करणं, तिसऱ्याने ते उलट मूळ भाषेत नेऊन बघणं, मग पाच-दहा रुग्णांसमोर ठेवून 'तुम्हाला यातून काय कळलं?' असं विचारणं, या पायऱ्या लागतात. मराठीत आधीच तपासलेली आवृत्ती असेल तर आधी ती शोधा, परवानगी घ्या आणि मगच पुढे जा.

एकच सांधा, दोन माणसं

23 मार्च 2021. पुण्याजवळ गहुंजे इथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना. मुंबईच्या श्रेयस अय्यरने क्षेत्ररक्षण करताना झेप घेतली आणि डावा खांदा निसटला. 8 एप्रिलला ऑपरेशन. सप्टेंबरमध्ये तो आयपीएलच्या उरलेल्या सामन्यांत यूएईत खेळला, नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणात शतक ठोकलं. त्याचं दुखणं कफ फाटण्याहून वेगळं होतं, वय 26, आणि दिमतीला चांगल्यातले फिजिओ. तरीही पाच महिन्यांहून जास्त लागलेच. दिल्ली संघाचं कर्णधारपद मधल्या काळात ऋषभ पंतकडे गेलं, ते श्रेयसच्या पुनरागमनानंतरही पंतकडेच राहिलं. खांदा दुखावला की किंमत नुसती वेदनेत मोजून भागत नाही, हे एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीतही दिसतं.

आता समजा, रावेर-यावल पट्ट्यातला एक केळी कापणीचा मजूर आहे. वय 48. साधारण 20 ते 25 किलोचा घड डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत, दिवसभर खेपा. त्याच्या कफची दुरुस्ती झाली. सरकारी योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघाला असं धरू, पण बुडालेली मजुरी कोण देणार? त्याच्यासाठी 'सहा आठवडे झोळी आणि तीन महिने ओझं नाही' याचा अर्थ एक हंगाम गेला. फिजिओथेरपीला जळगावला यायचं तर एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. साक्री किंवा शिरपूरच्या रुग्णाला धुळ्याला यायचं तर गणित तेच. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना झोळीखाली घामोळं येतं, रात्री अर्धवट बसून झोपायचं तर खाटेवर जमत नाही.

किंवा समजा, धुळ्यातली पन्नाशीची बाई. तिला घडा उचलायचा नाही. पण कळण्याची भाकरी थापणं, वेणी घालणं, साडीचा पदर मागून खांद्यावर घेणं, दांडीवर कपडे वाळत टाकणं, सगळ्यात खांदा. घरात दुसरं कुणी नसेल तर ती तिसऱ्या आठवड्यातच झोळी काढून ठेवणार. ही बेफिकिरी म्हणायची का? तिच्या तक्त्यात 'सूचना पाळल्या नाहीत' अशी खूण होईल, पण कारणाचा रकाना तुम्ही ठेवलाय का?

म्हणून खान्देशात हा अभ्यास करायचा तर उत्पन्न, कामाचं स्वरूप, घरातली मदत आणि दवाखान्याचं अंतर हे चार रकाने हवेतच. नाहीतर गरिबीचा परिणाम तुम्ही 'मनोबल कमी' या खात्यात टाकून मोकळे व्हाल. संशोधनातला हा अन्याय आकड्यांआड लपतो म्हणून जास्त वाईट.

मोजायचं कसं?

सगळ्यांना माहीत असलेलं साधन: 'शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी जास्त. तुमची वेदना किती?' दुसरं साधन 100 मिलिमीटरची रेघ, तिच्यावर रुग्णाने खूण करायची. दोन्ही सोपी, दोन्ही उपयोगी. पण विचारण्याआधी चार गोष्टी ठरवा.

पहिली, केव्हाची वेदना? आत्ता बसल्या जागी, व्यायाम करताना, की काल रात्री? खांद्याच्या रुग्णाला दुपारी 2 आणि रात्री 8 असू शकते. तुम्ही सगळ्यांना ओपीडीत दुपारी विचारलंत तर रात्र तुमच्या अभ्यासात येणारच नाही.

दुसरी, कोणत्या भाषेत? साक्रीकडचा माणूस 'खांदा दुखस' म्हणेल, पुढे काही बोलणार नाही. त्याला 'दहापैकी किती' विचारण्याआधी एक-दोन उदाहरणं देऊन सराव करून घ्या. रेघेवर खूण करणं न शिकलेल्या माणसाला अवघड जातं. आकडा तोंडी विचारणं किंवा चेहऱ्यांची चित्रं दाखवणं बरं पडतं.

तिसरी, कशी वेदना? मेलझॅक यांनी 1975 च्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे 78 शब्द 20 गटांत मांडले होते. आपल्याकडेही शब्दांची कमी नाही: ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, जळजळ, रग, अवघडलेपण, मुंग्या, बधिरपणा. हे सगळे एकाच 'सात' मध्ये कोंबले जातात. रग बहुधा थकलेल्या स्नायूची गोष्ट सांगते. मुंग्या आणि चमक नसेकडे बोट दाखवू शकतात. डॉक्टरला हा फरक हवा असतो आणि आकडा तो देत नाही.

चौथी, वेदनेमुळे काय अडतं? त्यासाठी खांद्याच्या वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. 1991 ची स्पाडी ही त्यातली प्रसिद्ध. 13 प्रश्न, 5 वेदनेचे आणि 8 कामांचे. कामांत एक प्रश्न आहे: पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढायला किती त्रास होतो? नऊवारी किंवा पाचवारी नेसणाऱ्या बाईला तुम्ही हे विचारणार? ती गोंधळेल किंवा शून्य म्हणेल. प्रश्नाचा हेतू हात मागे पाठीकडे नेता येतो का हा आहे. त्या जागी आपल्याकडचं काम लागेल, पण ते मनाने बदलायचं नाही. बदललं तर प्रश्नावली पुन्हा तपासावी लागते. तुमच्या मार्गदर्शकांना हा मुद्दा सांगून बघा, अर्धा पेपर इथेच तयार होतो.

आणखी एक. वेदना 6.2 वरून 5.7 वर आली, पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी. चला, झालं? थांबा. रुग्णाला तो फरक जाणवतो का? ऑपरेशन न करता उपचार झालेल्या कफच्या रुग्णांवरच्या एका 2009 च्या अभ्यासात, दहा सेंटिमीटरच्या रेघेवर साधारण 1.4 सेंटिमीटरचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा असल्याचं दिसलं. नमुना मोठा असेल तर अर्ध्या गुणाचा फरकही सांख्यिकीत महत्त्वाचा ठरतो, पण रात्री झोप लागायला तो पुरत नाही.

आराखड्यातले तीन खड्डे

*पहिला खड्डा: एकच गट, आधी आणि नंतर.* समजा तुम्ही 30 रुग्णांना श्वसनाचे धडे दिले. सहा आठवड्यांत वेदना 7 वरून 3 वर आली. श्वसनामुळे? सहा आठवड्यांत ती तशीही उतरलीच असती. तुलनेचा गट नसेल तर तुम्ही काळाचं श्रेय स्वतःच्या उपक्रमाला देताय.

याचं डोळे उघडणारं उदाहरण खांद्याचंच आहे. ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांत 'सीसॉ' नावाची चाचणी झाली. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये 2018 मध्ये छापून आले. खांद्यात हाडाखाली जागा करून देणारं एक ऑपरेशन तेव्हा खूप केलं जायचं. 313 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाचं खरं ऑपरेशन, दुसऱ्या गटात दुर्बीण आत घालून फक्त पाहिलं, तिसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनी खरं आणि नुसतं पाहिलेलं, या दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. काहीच न केलेल्या गटापेक्षा दोन्ही थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा नव्हता. लक्षात घ्या, हे फाटलेला कफ शिवण्याबद्दल नाही; म्हणून 'खांद्याची ऑपरेशनं फुकट' असा निष्कर्ष काढू नका. धडा इतकाच की रुग्णाला बरं वाटलं, एवढ्यावरून ते कशामुळे वाटलं हे कळत नाही.

*दुसरा खड्डा: कोंबडी आधी की अंडं.* ज्यांना धसका जास्त त्यांना वेदना जास्त, हे तुम्ही एकाच दिवशी दोन्ही मोजून दाखवलंत. पण ज्याला जास्त दुखतं त्याला धसका बसणारच ना! म्हणून भीती ऑपरेशनच्या आधी मोजा, वेदना आणि हालचाल नंतर, ठरावीक दिवशी. शिवाय कफ किती फाटला होता, साखरेचा आजार आहे का, वय किती, याही गोष्टी हिशेबात धरा.

*तिसरा खड्डा: न आलेले रुग्ण.* 60 रुग्ण घेतले, बाराव्या आठवड्यात 38 आले. तुम्ही 38 ची सरासरी काढली. बाकीचे 22 कुठे गेले? काही बरे होऊन कामाला लागले असतील. काही वैतागून दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा हाडवैद्याकडे गेले असतील. काहींकडे एसटीचे पैसे नसतील. तीन कारणं, तीन वेगळ्या दिशा. फोनवर दोन मिनिटांत आकडा विचारायची सोय सुरुवातीलाच ठेवा, आणि जे आले नाहीत ते आलेल्यांपेक्षा सुरुवातीला वेगळे होते का, हे तक्त्यात दाखवा.

आणि नैतिकतेचा मुद्दा शेवटच्या पानावर ढकलू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना वाचा. संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आधी, रुग्ण नंतर. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत हवं. उपचाराची तुलना करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी देशाच्या चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नाव घाला. आणि एक आधीच लिहून ठेवा: रुग्णाने 'नऊ' सांगितलं तर तुम्ही काय करणार? ताप आलाय, जखमेतून पू येतोय, पोटरी सुजलीय, धाप लागतेय किंवा काल उचलणारा हात आज अचानक उचलत नाही, असं कळलं तर कुणाला फोन करणार? आकडा टिपून घेऊन पुढच्या रुग्णाकडे वळणं हे संशोधन नव्हे.

आता प्रश्न लिहू

सुरुवातीचं भारदस्त शीर्षक आठवतंय? ते आता तीन टप्प्यांत उतरवू.

पहिला टप्पा: 'खांद्याच्या ऑपरेशननंतर रुग्ण वेदनेला कसे तोंड देतात?' बरा, पण अजून पसरट. हा मुलाखतींच्या अभ्यासाला चालेल: 12-15 रुग्ण, घरी जाऊन, त्यांच्याच भाषेत.

दुसरा टप्पा: 'कफच्या दुरुस्तीनंतर हालचालीची भीती आणि वेदना यांचा संबंध आहे का?' मोजता येतो, पण वर सांगितलेला कोंबडी-अंड्याचा घोळ आहे.

तिसरा टप्पा: 'जळगाव व धुळे जिल्ह्यांत कफची दुरुस्ती झालेल्या प्रौढ रुग्णांत, ऑपरेशनआधी मोजलेली हालचालीची भीती जास्त असेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत घरी केलेला व्यायाम कमी होतो का? आणि वेदनेची तीव्रता, कामाचं स्वरूप, घरातली मदत हे हिशेबात धरल्यावरही तो संबंध टिकतो का?'

हा प्रश्न लांब आहे, पण त्याला उत्तर आहे. उत्तर 'हो' आलं तर ऑपरेशनआधी वीस मिनिटं रुग्णाशी बोलणं आणि बधिरपणा उतरल्यावर पहिल्या रात्री काय होईल हे सांगणं, अशी एक स्वस्त गोष्ट पुढच्या अभ्यासात तपासता येईल. 'नाही' आलं आणि घरातली मदत हाच मुख्य दुवा निघाला, तर समुपदेशनावर खर्च करण्याऐवजी फिजिओथेरपी तालुक्याला कशी न्यायची याचा विचार करावा लागेल. दोन्ही उत्तरांचा कुणाला तरी उपयोग आहे. चांगल्या प्रश्नाची ही सोपी परीक्षा समजा.

या आठवड्याचं काम: तुमच्या स्वतःच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा. त्यातला 'चिकित्सक अभ्यास' आणि 'विशेष संदर्भ' खोडा. मग खाली तीन ओळी: मी काय मोजणार, केव्हा मोजणार, आणि उत्तर उलट आलं तर काय बदलेल. तिसरी ओळ सुचत नसेल तर अजून सिनॉप्सिस टाईप करायला देऊ नका. पुढच्या लेखात टॅम्पा स्केलचं उदाहरण घेऊन प्रश्नावलीची विश्वसनीयता आणि वैधता यांत काय फरक आहे ते बघू.